हॉस्पिससाठी फुल मॅरेथॉन पळायची आहे, बाबांच्या नावाने. मार्गदर्शन हवं

जास्वंद (डोंबिवली) – १६ जून २०२४

नमस्कार. इथलं बरंच वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

वय ४६. विमा कार्यालयात नोकरी, घर डोंबिवली पूर्वेला. तीन वर्षांपूर्वी चालायला लागले, मग चालता चालता पळायला. यंदा जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) २ तास ५४ मिनिटांत केली. येत्या १९ जानेवारीला फुल करायची आहे आणि त्या निमित्ताने हॉस्पिससाठी, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात वेदना कमी करून सांभाळणाऱ्या केंद्रासाठी, पैसे उभे करायचे आहेत. का, ते सांगते.

आई नोव्हेंबर २०२२ मध्ये गेली. अंडाशयाचा कर्करोग. शेवटचे सव्वीस दिवस ती बांद्र्याला शांती अवेदना सदनात होती, माउंट मेरीच्या टेकडीवर. तिथे नेलं तेव्हा ती तीन आठवडे बसूनच झोपत होती, कारण पाठ टेकवली की कळ यायची. जन्मभर पोळी-भाजी केंद्रासाठी रोज अडीचशे पोळ्या लाटलेली बाई, पण शेवटी हातात पेला धरवत नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या (अफूपासून बनणारं तीव्र वेदनाशामक) गोळ्या सुरू केल्या, दर चार तासांनी. सिस्टर घड्याळाकडे बघून यायच्या, रात्री दोनला आणि पहाटे सहालाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले तर आई उताणी झोपलेली. डोळे उघडून म्हणाली, "आज पाठ टेकली गं." मग मेतकूट-भात मागितला. सव्वीस दिवसांचा एक पैसाही त्यांनी घेतला नाही. ते कुणाकडूनच घेत नाहीत.

पण मला पळायचंय ते बाबांसाठी.

बाबा २००९ मध्ये गेले. तोंडाचा कर्करोग, मणक्यात पसरलेला. "आता घरी न्या" असं सांगून रुग्णालयाने सोडलं, सोबत साध्या वेदनाशामक गोळ्यांच्या दोन पट्ट्या. शेवटच्या अकरा रात्री ते पंचा तोंडात धरून चावायचे, शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून. शेजारचे टीव्ही मोठा लावायचे. रागाने नाही, त्यांनाही ऐकवत नव्हतं. आम्हाला वाटायचं, कर्करोग म्हणजे हे असंच असतं. आईची पाठ टेकली त्या दिवशी मला कळलं की तसं असायला नको होतं. त्या दिवसापासून बाबांच्या त्या अकरा रात्री डोक्यातून गेलेल्या नाहीत.

तर प्रश्न असे. हाफवरून सात महिन्यांत फुल जमेल का? मॅरेथॉनच्या संस्थांमार्फत बिब (छातीवर लावायचा धावण्याचा क्रमांक) घ्यावा की आपलं आपण पळून पैसे थेट संस्थेला द्यावेत? लोकांकडे पैसे मागायचे कसे? मी आयुष्यात कुणाकडे उसने शंभर रुपयेही मागितलेले नाहीत. आणि शेवटचा प्रश्न जो मला जास्त सतावतोय: माझ्या मोठ्या भावाला हे मान्य नाही. पैसे द्यायला त्याची ना नाही. पण "बाबांचे ते दिवस चारचौघांत मांडू नकोस" म्हणतो. आईबद्दल लिही, बाबांबद्दल नको. मला त्याचं मन मोडायचं नाही आणि बाबांना वगळायचंही नाही.

---

टेकडीवरचा (पुणे) – १६ जून २०२४

जास्वंदताई, जमेल. हाफ झालेली आहे, सात महिने हातात आहेत, घाई नाही.

मी एकसष्ट वर्षांचा आहे. मुंबईची फुल चार वेळा झाली, दोनदा पत्नीच्या नावाने. तेव्हा अनुभवाचं सांगतो.

आधी डॉक्टरांकडे जा. ईसीजी, हिमोग्लोबिन, रक्तदाब. चाळिशीनंतर हे टाळायचं नाही. त्यानंतर आत्ता जून ते सप्टेंबर फक्त आठवड्यातून चार दिवस सावकाश पळा, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या वेगाने. पावसात पळायला हरकत नाही, जांघा-काखांना व्हॅसलीन लावा आणि आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा. अठरा आठवडे मागे मोजले तर खरा सराव १५ सप्टेंबरला सुरू होतो. गणपती अजून घरात असतील. त्या रविवारी १४ किलोमीटर. मग दर रविवारी एक-दोन वाढवत जायचं आणि दर चौथ्या आठवड्यात कमी करायचं. दिवाळीच्या रविवारी फराळ करून कुणी पळत नाही, तो सुट्टीचा धरा. २९ डिसेंबरला शेवटचा लांबचा पल्ला, तीस किलोमीटर. तीसच्या पुढे सरावात जाऊ नका, उरलेले बारा स्पर्धेच्या दिवसासाठी ठेवा. शेवटचे तीन आठवडे पळणं उतरवत न्यायचं. तेव्हा पाय शिवशिवतात, अगदी भरवशाची माणसं तिथे चूक करतात.

मुंबईची गोम पेडर रोडच्या चढात आहे. जाताना तो अंधारात, ताज्या पायांनी संपतो. परतीला पस्तीस किलोमीटरच्या आसपास पुन्हा समोर येतो, तेव्हा ऊन वर आलेलं असतं. डोंबिवलीत चढ नाही म्हणाल, पण उड्डाणपूल आहेत. लांबच्या पल्ल्याच्या शेवटी, थकलेल्या पायांनी, पूल तीन-चार वेळा चढा-उतरा. सुरुवातीला नव्हे, शेवटी.

पहिल्यापासून चालण्याचे टप्पे ठेवा. मी नऊ मिनिटं पळतो, एक मिनिट चालतो. दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधी चालायचं. खाण्यासाठी खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, शेंगदाण्याची चिक्की. जे त्या दिवशी खाणार ते आधी दहा रविवार खाऊन बघा. नुसतं पाणी ढोसत राहू नका, मीठ पोटात जायला हवं, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस भोवळून पडतो. आणि पळण्याआधी वेदनाशामक गोळी कधीही घेऊ नका, मूत्रपिंडावर येतं. गुडघा दुखला तर थांबायचं.

भावाच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही. पत्नीबद्दल पहिल्यांदा लिहिलं तेव्हा माझी मुलगी माझ्याशी दोन महिने नीट बोलली नव्हती. दुसऱ्या वेळी मी आधी तिला वाचायला दिलं.

---

मौनी (सातारा) – १७ जून २०२४

मन दुखवायचा हेतू नाही, पण मी भावाच्या बाजूचा आहे. आमच्या वडिलांच्या तिथीला आम्ही दरवर्षी अन्नदान करतो, पंगतीत कुणालाही सांगत नाही ते कुणाच्या नावाने. देणं गाजावाजा न करता व्हावं. आणि वडिलांचं ते रूप, पंचा तोंडात धरलेलं, ते त्यांनी स्वतः शेजाऱ्यांपासून लपवलं होतं ना? मग आपण का उघडं करायचं? पळा जरूर. पैसेही द्या. पण ते त्यांचं त्यांच्यापाशी राहू द्या, असं मला मनापासून वाटतं.

---

रात्रपाळी (पुणे) – १७ जून २०२४

मी परिचारिका आहे, पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातल्या वेदना आणि त्रास कमी करण्याच्या कामात, अकरा वर्षं. ड्यूटीवरून आल्यावर हा धागा दोनदा वाचला.

जास्वंद, आधी तुमच्या बाबांबद्दल. २००९ मध्ये त्यांना मॉर्फिन का मिळालं नाही, हे तुम्हाला कळावं असं वाटतं. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला, एनडीपीएस. हेतू व्यसन रोखण्याचा होता. पण त्यात मॉर्फिन ठेवायचं तर रुग्णालयाला वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागू लागले, राज्याराज्यांत नियम निराळे, आणि कागदात चूक झाली तर तुरुंगाची भीती. बहुतेकांनी ते ठेवणंच सोडलं. त्यानंतर शिकलेल्या डॉक्टरांच्या दोन पिढ्यांनी मॉर्फिनची गोळी हातात घेतलीच नाही, मग ती द्यायची कशी हे त्यांना कोण शिकवणार? आणि ज्या देशात अफूची कायदेशीर शेती होते, त्याच देशात हे चाललं होतं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारखे अनेक जण वर्षानुवर्षं मागे लागले, तेव्हा २०१४ मध्ये कायदा सुधारला आणि देशभर एकच, सोपी परवाना पद्धत आली. तुमचे बाबा त्याआधी पाच वर्षं गेले. तुम्ही कमी पडला नाहीत. तुम्ही दार वाजवलं असतंत तरी बहुतेक ठिकाणी पलीकडे काही नव्हतं.

आता कामाचं. पैसे कशाला लागतात ते लोकांना नेमकं सांगा. मॉर्फिनची गोळी महाग नसते. खर्च होतो तो रात्री दोनला ती घेऊन येणाऱ्या सिस्टरच्या पगारावर. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून लागणाऱ्या हवेच्या गाद्यांवर. ड्रेसिंगवर. तोंडाच्या कर्करोगात जखमेला वास येतो आणि त्या वासाने माणूस स्वतःच्या नातवाला जवळ घेत नाही. मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक औषधाची गोळी कुटून जखमेवर घातली की दोन-तीन दिवसांत वास बराच उतरतो. हे मी शेकडो वेळा केलंय आणि दरवेळी त्या घरातला नातू पलंगावर चढलेला पाहून बरं वाटतं. घरी जाऊन सेवा देणारी पथकं असतात, त्यांना गाडी आणि इंधन लागतं.

दोन गोष्टींची विनंती. एक, "मरणाऱ्या लोकांसाठी" असं लिहू नका. आमच्याकडून बरेच रुग्ण दुखणं आटोक्यात आल्यावर घरी जातात, पुन्हा येतात. हे काम निदानापासूनच सुरू व्हायला हवं, आणि ते फक्त कर्करोगाचंही नाही: मूत्रपिंड, फुप्फुस, स्मृतिभ्रंश, सगळ्यांचं आहे. दुसरं, कुणाही रुग्णाचा फोटो वापरू नका, परवानगी असली तरी. आईचाही आजारपणातला नको. पोळ्या लाटतानाचा असेल तर तो लावा.

मुंबईत शांती अवेदना १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. टाटा मेमोरियलचे शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा यांनी काढलं. त्यांची गोव्यात आणि दिल्लीतही केंद्रं आहेत. आमच्या पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, तेही मोफत. ज्यांच्या घरी आज कुणी दुखण्याने जागं असेल, त्यांनी हे वाचून निदान फोन तरी करावा म्हणून नावं दिली.

---

क्रॉयडनकर (लंडन) – १८ जून २०२४

मूळचा कोल्हापूरचा, इथे बावीस वर्षं. २०२२ ची लंडन मॅरेथॉन आमच्या भागातल्या हॉस्पिससाठी पळालो, आईच्या नावाने. आई कोल्हापुरात गेली, मी तिला फोनच्या पडद्यावर शेवटचं पाहिलं. विमानं बंद होती. पायांनी कुठेतरी जायलाच हवं होतं.

माझं घर लंडनमधल्या सिडनमपासून लांब नाही. तिथे सेंट क्रिस्टोफर्स हे हॉस्पिस आहे, १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी सुरू केलेलं. आधी त्या परिचारिका होत्या, पाठ अधू झाली म्हणून ते सोडावं लागलं, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि वयाच्या तिशीनंतर डॉक्टर. "दुखल्यावर औषध" ऐवजी "दुखण्याआधी, घड्याळाप्रमाणे औषध" हा आग्रह त्यांनी धरला. तुमच्या आईला दर चार तासांनी गोळी मिळाली त्याचं मूळ तिथे आहे.

इथल्या हॉस्पिसना सरकारकडून ढोबळमानाने एक तृतीयांश पैसा मिळतो. बाकीचा जुन्या कपड्यांची दुकानं, मृत्युपत्रातली देणगी आणि पळणारी माणसं यांच्यावर. संस्था मॅरेथॉनच्या जागा विकत घेतात आणि पळणाऱ्याकडून साधारण दोन हजार पौंड उभे करायचं वचन घेतात. म्हणून माझी चूक तुम्हाला सांगतो. मी पहिल्यांदा दोनशे जणांच्या ग्रुपवर एकच निरोप टाकला. नऊ जणांनी दिले. मग साठ जणांना एकेकट्याला लिहिलं, त्यांचं नाव घालून, आईला ते कसे ओळखायचे ते आठवून. एक्केचाळीस जणांनी दिले. काहींनी पैसे दिले नाहीत पण आपल्या घरातल्या मरणाबद्दल पानभर लिहिलं. एका वर्गमित्राने त्याची बहीण गेल्याचं मला तेव्हा सांगितलं, सहा वर्षांनी.

मागताना नेमका आकडा सांगा आणि तारीख सांगा. "जमेल तसं" म्हटलं की माणूस नंतर देऊ म्हणतो.

टॉवर ब्रिजवर, अर्ध्या वाटेच्या जरा आधी, मी आईशी मोठ्याने बोललो. तिथे इतका आरडाओरडा असतो की कुणाला कळत नाही. तुम्हीही अशी जागा आधीच ठरवून ठेवा.

मला तुमच्यासाठी पैसे द्यायचे आहेत. माझा पासपोर्ट आता ब्रिटिश आहे, चालेल का?

---

वहीखाते (सांगली) – १८ जून २०२४

सीए आहे, तेवढंच सांगतो.

जास्वंदताई, लोकांचे पैसे स्वतःच्या खात्यात अजिबात घेऊ नका, कितीही जवळचे असोत. देणाऱ्याने थेट संस्थेच्या खात्यात भरावेत, पॅन द्यावा, म्हणजे पावती आणि पुढे १०बीई हे देणगीचं प्रमाणपत्र त्याच्या नावाने निघतं. ८०जी ची (देणगीवरची प्राप्तिकराची) वजावट जुन्या करप्रणालीतच आहे, नवी निवडली असेल तर नाही, हे आधीच सांगा. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर वजावट नाही.

क्रॉयडनकर, परदेशी नागरिकाची देणगी ही कायद्याने विदेशी देणगी होते, ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी असेल तरच आणि तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच ती जमा व्हायला हवी. बायकोचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर तिने स्वतःच्या बचतीतून दिलेली चालते.

मुंबई मॅरेथॉनमध्ये संस्थांचं काम युनायटेड वे मुंबई पाहते. त्यांच्या यादीत तुम्हाला हवी ती संस्था यंदा आहे का ते बघा. नसेल तरी अडत नाही. साधा बिब घेऊन पळा, पैसे थेट संस्थेला.

---

जास्वंद (डोंबिवली) – २३ जून २०२४

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी, तुमचं उत्तर छापून घेतलंय. तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा रडले. पंधरा वर्षं मला वाटत होतं, आम्ही शोधलं नाही.

मौनी, तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून मीही मनापासून लिहिते. बाबांनी ते शेजाऱ्यांपासून लपवलं हे खरं. त्यांना लाज वाटत होती. पण त्यात त्यांचं काय चुकलं होतं? आमच्या चाळीत त्याआधी दोन माणसं याच रोगाने गेली होती, आणि दोन्ही घरांनी दार लावून घेतलं होतं. त्यातल्या एकानेही कधी म्हटलं असतं की माझ्या वडिलांना फार दुखलं, आणि यावर इलाज असतो म्हणे, बांद्र्याला एक जागा आहे, तर मी बाबांना खांद्यावर घालून नेलं असतं. बांद्र्याचं हॉस्पिस तेव्हा तेवीस वर्षं जुनं होतं. आमच्या घरापासून दोन लोकल. आम्हाला ठाऊक नव्हतं, कारण कुणी बोललं नाही.

म्हणून मी बाबांबद्दल लिहिणार आहे. पण टेकडीवरचे काका म्हणाले तसं आधी दादाला वाचायला दिलंय. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. अजून काही बोलला नाही.

आकडा ठरवलाय: ४२,१९५ रुपये, मीटरला एक रुपया.

---

जास्वंद (डोंबिवली) – २१ जानेवारी २०२५

विचारणाऱ्यांसाठी: झाली. ५ तास ५१ मिनिटं.

जिना अजून उलटा उतरतेय. तरी आठवतंय तोवर लिहिते.

सराव काकांनी सांगितला तसाच केला. ऑक्टोबरात पोटरी धरली, दोन आठवडे गेले. २९ डिसेंबरचे तीस किलोमीटर ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर फेऱ्या मारून केले, शेवटी पूल चार वेळा. तिथला चहावाला नोव्हेंबरपासून माझ्यासाठी मीठ-साखरेचं पाणी करून ठेवायचा. विचारलं नव्हतं त्याला. एकदा त्याने विचारलं कशासाठी पळता, मी सांगितलं, तेव्हापासून.

पैसे १,१८,४५० जमले, सगळे थेट संस्थेच्या खात्यात. मी त्र्याण्णव जणांना वेगवेगळं लिहिलं. क्रॉयडनकर, तुम्ही सांगितलं तेच झालं. निम्म्या उत्तरांत पैशांपेक्षा माणसंच जास्त होती. माझ्या विभागप्रमुखांनी, ज्यांच्याशी अकरा वर्षांत फायलीपलीकडे बोलले नव्हते, त्यांच्या आईबद्दल लिहिलं. एका बाईंनी थेट हॉस्पिसचा नंबर मागितला, कारण त्यांचे सासरे त्याच आठवड्यात घरी कण्हत होते. ते आता तिथे आहेत. मला त्या एका नंबरसाठीसुद्धा हे सगळं पुन्हा करायला आवडेल.

शनिवारी रात्री झोप आली नाही. मॅरेथॉनसाठी सोडलेली पहाटेची विशेष लोकल धरली. दादा स्टेशनवर सोडायला येतो म्हणाला, आणि डब्यात चढलाच. सीएसएमटीपर्यंत गप्प बसून होता. माझी पिशवी मांडीवर घेऊन.

पाचला निघालो. मरीन ड्राइव्ह अंधारात, फक्त पावलांचा आवाज. पेडर रोड पहिल्यांदा आला तो कळलाही नाही. सी लिंकवर चढले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. मी माझी जागा तीच ठरवली होती. पुलावरून बांद्र्याकडे जाताना डाव्या हाताला माउंट मेरीची टेकडी दिसते. आई तिथे होती तेव्हा आवारातून हाच पूल दिसायचा आणि ती विचारायची, एवढ्या गाड्या जातात कुठे. मी हात वर केला. आजूबाजूच्यांना वाटलं फोटोवाल्याकडे बघून केला.

बाबांशी मात्र मला तिथे बोलता आलं नाही. काही सुचलंच नाही.

परतीला, शिवाजी पार्क मागे टाकलं आणि सहज घड्याळ बघितलं तर बरोबर चार तास झाले होते. चार तासांनी आईची गोळी यायची. तेव्हा पाय पेटले होते, उजव्या अंगठ्याचं नख गेलं होतं, आणि माझ्या डोक्यात आलं की बाबांना अकरा रात्रींत असे चार-चार तास किती वेळा गेले असतील. साठ-सत्तर. त्यातल्या एकाच्याही शेवटी कुणी आलं नाही. मी तिथे चालायला लागले आणि एक किलोमीटर चालतच गेले. एक अनोळखी मुलगा थांबला, "आंटी, क्रॅम्प?" म्हणाला. मी नाही म्हटलं. त्याने खिशातली चिक्की दिली आणि पुढे गेला.

पेडर रोडवर दादा उभा होता. दहा वाजत आले होते, डोक्यावर ऊन. तो तिथे येणार हे बोलणं झालंच नव्हतं. संत्र्याच्या फोडी सोलून, बिया काढून, डब्यात भरून आणल्या होत्या. कठड्यापलीकडून त्याने डबा दिला आणि फुटपाथवरून, चपला घालून, माझ्याबरोबर चढ चढायला लागला. मी कठड्याच्या आत, तो बाहेर. दोघंही चालतच होतो.

अर्ध्या चढावर तो बोलायला लागला. म्हणाला, नवव्या रात्री बाबांनी मला खुणेने बाहेर पाठवलं होतं, काहीतरी आण म्हणून. मी पश्चिमेला गेलो, मग कल्याणला. चार औषधांची दुकानं उठवली. एकाने तर शटरही वर केलं नाही. पहाटे चारला परत आलो आणि तुम्हा दोघींना सांगितलं की मित्राकडे झोपलो होतो. तुला वाटलं असेल मी पळून गेलो.

मला खरंच तसंच वाटलं होतं. पंधरा वर्षं.

मी काही बोलू शकले नाही, श्वासच नव्हता. कठड्याच्या वरून त्याचा हात धरला आणि तसेच आम्ही चढ संपेपर्यंत गेलो. केम्प्स कॉर्नरला उतार लागला तेव्हा त्याने हात सोडला आणि म्हणाला, जा आता, पळ.

बाबांच्या नावाचा कागद मी पाठीला लावला होता. खाली त्याने रात्री कधीतरी पेनाने स्वतःचंही नाव घातलं होतं, ते पदक घेतल्यावर मागच्या बाईंनी वाचून दाखवलं.

रात्रपाळी, पुढच्या महिन्यात दादा आणि मी वारज्याचं केंद्र बघायला पुण्याला येतोय. तिथे स्वयंसेवक घेतात का, आणि शनिवार चालतो का, तेवढं कळवाल?